पाठलाग आणि झटापटीचे प्रसंग लिहिताना संगीत कसं वापरावं

कादंबरीतली हाणामारी लिहायला बसताना कानात काहीतरी दणदणीत वाजत असावं, असं बहुतेक लेखकांना वाटतं. त्यात चूक काही नाही. फक्त एक मेख आहे: ते संगीत वाचकाला ऐकू येणार नसतं. ढोल-ताशा टिपेला गेलेला असताना लिहिलेला अगदी सपाट परिच्छेदही लिहिताना अंगावर काटा आणतो. तोच परिच्छेद दुसऱ्या दिवशी नुसता वाचला की त्यात काही घडतच नाही, हे कळतं. म्हणून संगीताकडून लय तेवढी घ्यायची. थरार शब्दांनीच उभा करावा लागतो. खालची पद्धत याच हिशेबाने आखली आहे.

उदाहरणासाठी एकच प्रसंग धरू: नवी मुंबईत तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमधला (शेतमालाच्या घाऊक बाजारातला) पहाटेचा पाठलाग, साधारण ९०० शब्दांचा.

पायरी १: काही न वाजवता प्रसंगाचे तुकडे पाडा

हेडफोन अजून बाजूला ठेवा. कागदावर प्रसंगाची वळणं लिहा. आपल्या प्रसंगात चार आहेत. नायक कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यामागे दबा धरून बसलाय (२५० शब्द). तो दिसतो आणि पळत सुटतो (३०० शब्द). ट्रक आणि भिंत यांच्यामधल्या बोळात गाठला जातो, झटापट होते (२५० शब्द). शेवटी सुटतो (१०० शब्द). आकडे अंदाजाने घाला, नंतर बदलतील.

मग त्या जागेचे पाच-सहा आवाज लिहून काढा. मागे येणाऱ्या ट्रकचा पी-पी आवाज, वर जाणारं शटर, हातगाडीच्या चाकांची खरखर, माथाडी कामगारांच्या हाका, पोतं जमिनीवर पडल्याचा धप्प आवाज. ही यादी आत्ताच करायची, कारण एकदा संगीत सुरू झालं की लेखक प्रसंगातले आवाज ऐकायचंच विसरतो. हेडफोन लावून लिहिलेल्या झटापटींमध्ये बहुतेकदा सगळं दिसतं, ऐकू काहीच येत नाही. यादी स्क्रीनशेजारी चिकटवून ठेवा.

पायरी २: प्रत्येक तुकड्याची लय आकड्यात ठरवा

‘जोरदार’, ‘फास्ट’ या शब्दांवर भागत नाही. कोणत्याही ध्वनिमुद्रणाची लय मोजायला घड्याळ लावा, १५ सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा आणि चारने गुणा. हा मिनिटाचा वेग. आपल्या प्रसंगासाठी असं ठरवता येईल: दबा धरून बसणं ६० ते ७०, पळणं १५० ते १६०, झटापट १०० ते १२०, शेवट शांततेत.

झटापटीचा आकडा पळण्यापेक्षा कमी कसा, असं वाटेल. पाठलागात हालचाल एकाच दिशेने वाहत असते, तिथे वेग चालतो. मारामारीत मात्र प्रत्येक घावाला उत्तर असतं. कोण कुठे उभा आहे, कुणाच्या हातात काय आहे, घाव कुठे बसला, हे वाचकाला समजायला क्षणभर जागा लागते. दीडशेच्या लयीत लिहिलेल्या मारामारीत नेमकी हीच माहिती गळते, आणि वाचक मागे जाऊन पुन्हा वाचतो. तिथे लय थोडी उतरवायची, पण ठोका जड ठेवायचा.

पायरी ३: संगीत निवडा

पहिला नियम शब्दांचा. ज्या भाषेत लिहिताय त्या भाषेतलं गाणं नको, आणि जी समजते त्या भाषेतलंही शक्यतो नको. कानावर पडणारे शब्द डोक्यातल्या वाक्याशी भांडतात. पोवाडा वीररसाचा खरा, पण तो लिहिण्याआधी ऐकायचा. लिहिताना शाहिराचे शब्द तुमच्या परिच्छेदात घुसतात.

दुसरा नियम ओळखीचा. गाजलेल्या चित्रपटाचं पार्श्वसंगीत स्वतःची दृश्यं घेऊन येतं. तुर्भ्याचा बोळ लिहायला बसलात तरी डोळ्यांपुढे त्या सिनेमातला नट पळत राहतो. न पाहिलेल्या चित्रपटांचं पार्श्वसंगीत चालेल. व्हिडिओ गेमचं संगीत त्याहून बरं, कारण ते मुळातच तासन्‌तास फिरत राहावं आणि खेळणाऱ्याचं लक्ष खेळावरून उडू नये म्हणून रचलेलं असतं.

आता आपल्या घरचा खजिना. तालसंगीताची इतकी समृद्ध परंपरा हाताशी असताना अनेक लेखक तिच्याकडे वळतही नाहीत, याचं खरोखर वाईट वाटतं.

लेहरा म्हणजे तबलावादनाला साथ करणारी, एका आवर्तनाची (तालाच्या एका पूर्ण फेरीची), पुन्हा पुन्हा फिरणारी धून. सारंगीवर किंवा हार्मोनिअमवर वाजते. लेहऱ्याची मोबाइल अ‍ॅप्स मिळतात, त्यात ताल निवडून लय हव्या त्या आकड्यावर ठेवता येते. लिहिणाऱ्यासाठी हे फार मोलाचं आहे. तीनतालाच्या १६ मात्रा (ठोके) मिनिटाला ६० च्या लयीत ठेवल्या तर आवर्तन १६ सेकंदांत फिरतं, १६० ला ६ सेकंदांत, २४० ला ४ सेकंदांत. धून बदलत नाही, त्यामुळे लक्ष वेधून घेत नाही, पण दर काही सेकंदांनी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येऊन पाठीवर थाप मारते. वाक्यं नकळत त्या अंतरावर पडायला लागतात.

दबा धरून बसण्याच्या भागासाठी रूपक ताल वापरून पाहा. ७ मात्रा, ३-२-२ असे विभाग, आणि पहिल्याच मात्रेवर ‘खाली’, म्हणजे टाळी न देता हात बाजूला नेतात ती जागा. पाय ठेवायला जावं आणि पायरी थोडी खाली निघावी, तसं काहीतरी होतं. भित्र्या, सावध हालचालींना ते शोभतं. झपतालाच्या १० मात्रा २-३-२-३ अशा जातात; लंगडत पळणाऱ्या किंवा जखमी माणसासाठी हा ताल उत्तम.

नुसती धास्ती हवी असेल तर मारवा रागाचा तालाशिवायचा आलाप. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य, आणि षड्‌जावर विसावणं लांबवत नेलेलं. कानाला टेकायला जागा मिळत नाही, आणि ती अस्वस्थता आपसूक वाक्यात उतरते. वीररसाचा चढ हवा असेल तर अडाणा किंवा शंकरा या रागांतली द्रुत गत (वाद्यावरची जलद रचना) घ्या.

हळूहळू तापत जाणारं अख्खं प्रकरण असेल तर सतार किंवा सरोदवरचं आलाप-जोड-झाला असं सलग वादन लावा. आलापात ठोका नाही, जोडात ठोका येतो पण तबला नसतो, झाल्यात चिकारीच्या (बाजूच्या, ठोका धरणाऱ्या) तारांवर आघातांची सरबत्ती. चढण रचनेतच तयार आहे.

पळण्याच्या भागासाठी तबल्याचा रेला. बोल इतके दाट की एकेक ठोका वेगळा ऐकूच येत नाही, नुसता प्रवाह राहतो. झटापटीला मात्र रेला नको. तिथे हलगी लावा. कुस्तीच्या मैदानात हलगी कडाडते ती उगाच नाही, तिचा प्रत्येक आघात सुटा आणि धारदार असतो. ढोल-ताशाचं ध्वनिमुद्रण लढाईच्या, मोठ्या जमावाच्या प्रसंगाला योग्य. दोन माणसांच्या झटापटीला ते फार मोठं होतं, दोघांची मिरवणूक होऊन बसते.

निवड लिहायच्या वेळेत करू नका. ठाणे-वाशी लोकलचा प्रवास साधारण अर्ध्या तासाचा. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत जाताना नुसतं ऐका आणि फोनवर टिपा: कुठल्या मिनिटाला काय होतं, लय कुठे बदलते, कुठे कंटाळा येतो. प्रत्येक तुकड्याला एकच ध्वनिमुद्रण पुरतं, म्हणजे अख्ख्या प्रसंगाला तीन. पन्नास गाण्यांची यादी करणारा माणूस संध्याकाळ यादीतच घालवतो.

पायरी ४: फोन आणि कान यांची तयारी

निवडलेलं संगीत आधीच डाउनलोड करा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन घावाच्या वाक्यात जाहिरात वाजते. शफल बंद. एकच ट्रॅक फिरत ठेवायचा पर्याय चालू. क्रॉसफेड (एक ट्रॅक संपताना दुसरा त्यात मिसळणं) शून्यावर, कारण तालाच्या संगीतात दोन लयी एकमेकींवर चढल्या की सगळी घडी विस्कटते. आवाजाची पातळी समान ठेवण्याची सेटिंग असेल तर चालू करा.

आवाज किती? मोठ्यांसाठी सुरक्षित मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी धरली जाते. फोनच्या निम्म्या आवाजावर सुरुवात करा आणि स्वतःच्या कीबोर्डची टकटक पुसट ऐकू येईल इतपत ठेवा. त्याहून मोठं लावलं की अर्ध्या तासात डोकं थकतं आणि वाक्यं आखूड होण्याऐवजी आळशी होतात.

ठाण्यात घोडबंदर रोडवर रात्रभर अवजड वाहनं चालतात. नॉइज कॅन्सलिंगचे हेडफोन ती सलग घरघर चांगली कापतात, एसीची आणि पंख्याचीही. हॉर्न, ड्रिलिंग, कुकरची शिट्टी असे अचानक उठणारे आवाज मात्र त्यातून येतातच. तेवढ्यासाठी आवाज वाढवू नका. कान पूर्ण झाकणारे, मऊ गादीचे हेडफोन घ्या.

पायरी ५: लिहा

ट्रॅक सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं हात कीबोर्डवर ठेवू नका. प्रसंगातली पहिली हालचाल डोळ्यांपुढे येऊ द्या. मग २० ते २५ मिनिटं सलग लिहा. मध्ये ट्रॅक बदलायचा नाही. मागचं वाक्य सुधारायचं नाही. एखादा तपशील आठवला नाही तर तिथे फुली मारून पुढे जा. तुकडा संपला की हेडफोन काढा, पाणी प्या, पुढच्या तुकड्याचा ट्रॅक लावा.

तबल्यातली एक युक्ती लेखकाने जरूर उचलावी, ती म्हणजे तिहाई. एकच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्यांदा शेवटचा आघात बरोबर समेवर. कागदावर ती अशी दिसते: “त्याने कडी ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली. गंज भुरभुरला. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा बिजागरासकट दार अंगावर आलं.” एका प्रसंगात एकदाच वापरा. दुसऱ्यांदा आली की वाचकाला ती आधीच ऐकू येते.

शेवटचे १०० शब्द काही न लावता लिहा. इतका वेळ कान भरलेले असतात, त्यामुळे एकाएकी आलेली शांतता धावून थांबलेल्या माणसाच्या श्वासाकडे लक्ष नेते. हा भाग संगीतावर लिहिला तर पात्र दमलेलं वाटतच नाही.

पायरी ६: दुसऱ्या दिवशी, पूर्ण शांततेत, मोठ्याने वाचा

ही पायरी गाळली तर आधीच्या पाचही फुकट. संगीताच्या भरात पुढच्यासारखे परिच्छेद हमखास होतात:

“तो जिवाच्या आकांताने पळत सुटला! विजेच्या वेगाने त्याने बोळ गाठला! मागे साक्षात मृत्यू धावत होता! सगळीकडे एकच हलकल्लोळ माजला!”

यात दिसण्यासारखं काहीच नाही. उद्गारचिन्हं आहेत तिथे तिथे ठोका पडला होता, एवढंच. तोच भाग दुरुस्तीनंतर:

“शिरीषने हातगाडी आडवी ओढली. मागच्याने ती ओलांडली, पण त्याचा पाय फुटलेल्या पोत्यातल्या कांद्यांवर पडला. तो गुडघ्यावर आला. त्याच्या हातातला आकडा फरशीवर घासत गेला आणि ट्रकच्या चाकाशी थांबला. दोघांनी एकदमच तिकडे पाहिलं.”

दुरुस्त करताना पेन्सिलीने तीन गोष्टी शोधा. एक, जोर दाखवणारे शब्द: विजेच्या वेगाने, क्षणार्धात, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. त्यांच्या जागी हालचाल दाखवणारं क्रियापद बसतं का ते पाहा. दोन, सलग सहा-सात वाक्यं एकाच लांबीची असतील तर ती लेहऱ्याच्या चाकोरीत अडकली आहेत. एक लांब वाक्य मध्ये सोडा, किंवा दोन जोडा. तीन, पायरी १ मधली आवाजांची यादी. त्यातले निदान दोन आवाज प्रसंगात आले नसतील तर आणा, आणि ते नुसते सजावटीला नकोत. मागे येणाऱ्या ट्रकचा पी-पी आवाज नायकाला बोळ बंद होतोय हे सांगू दे.

वाचताना घड्याळ लावा. पळण्याचे ३०० शब्द आणि दबा धरण्याचे २५० शब्द वाचायला किती वेळ लागतो, त्यावरून शब्दांमागचा वेग काढा. दोन्ही भागांचा वेग अगदी सारखा निघाला तर संगीत बदललं होतं, गद्य बदललं नव्हतं.

अडलं तर

ट्रॅक लावल्याशिवाय शब्दच सुचेनासा झाला, तर आठवडाभर फक्त पायरी ५ ची पहिली दोन मिनिटं संगीत ठेवा आणि नंतर बंद करून लिहा. उलट संगीत असूनही काही हलत नसेल, तर दोष बहुतेकदा प्रसंगात असतो. पात्राला तिथून नेमकं काय हवंय हे ठरलेलं नसतं, आणि ते कुठलाही ताल ठरवून देत नाही. पायरी १ कडे परत जा.

गणपतीच्या आधीचे काही आठवडे ठाण्यात संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचे सराव चालतात. खिडकीबाहेर एक लय आणि कानात दुसरी, असं करून लिहू नका. तेवढे दिवस लिहिण्याची वेळ पहाटेची ठेवा आणि संध्याकाळी सराव जवळून ऐकून या. ताशा तर्री (सलग दाट आघात) वाजवत पुढे कसा खेचतो, ढोल कुठे थांबून एकदम कसे पडतात, हे नुसतं टिपून ठेवलं तरी जमावाच्या एखाद्या प्रसंगाचा आराखडा हाती येतो.

आणि प्रत्येक प्रसंगाच्या मसुद्यावर, समासात, तारखेशेजारी ताल आणि लय लिहून ठेवा: “तुर्भे, तुकडा २, रेला, १५५.” दोन महिन्यांनी त्याच प्रसंगात भर घालायची वेळ आली की तोच ट्रॅक, तोच आकडा लावायचा. नवे परिच्छेद जुन्यांना जोडताना सांधा कमी दिसतो.