नाट्यगृहासाठी निधी गोळा करताय? आधी नारळ फोडू नका

आमच्या तालुक्याच्या गावी नाटकाला जागा नाही, म्हणून हौशी मंडळींनी न्यास काढला आणि खजिनदारकी माझ्या गळ्यात पडली. स्वप्न साधंच होतं, ३०० खुर्च्यांचं नाट्यगृह. दसऱ्याला दणक्यात भूमिपूजन केलं, फोटो छापून आले, खांब जोत्याच्या वर निघाले आणि पैसे संपले. पुढचे तीन पावसाळे त्या खांबांतल्या सळया गंजत उभ्या होत्या. एसटीतून जाणारी माणसं खिडकीतून बोट दाखवायची. नव्या माणसाकडे देणगी मागायला गेलो की पहिला प्रश्न यायचा, "आधीच्या पैशांचं काय झालं?"

तेव्हा पहिली चूक हीच. निम्मी रक्कम हातात किंवा लेखी कबुलीत असल्याशिवाय कुदळ मारू नका. काम सुरू झालेलं दिसलं की पैसे येतात, असं सगळे सांगतात. येतात खरे, पण थांबलेलं दिसलं की त्याच्या दुप्पट वेगानं आटतात.

दुसरी चूक त्याहून महागात पडली. पहिल्याच आठवड्यात आम्ही ४० पावतीपुस्तकं वाटली. पोरं उत्साहानं बाजारपेठेत फिरली. गावातल्या एका धान्याच्या व्यापाऱ्यांकडून आम्ही मनात पाच लाख धरले होते. अध्यक्ष आणि मी त्यांच्या घरी जाऊन नकाशा दाखवणार होतो. त्याआधीच दोन कार्यकर्ते त्यांच्या दुकानात गेले आणि १,००१ रुपयांची पावती फाडून आले. एकदा पावती फाटली की त्या घरचा विषय संपतो. मोठ्या देणगीदारांची दहा-पंधरा नावं आधी काढा, घरी जा, निवांत बसा. पावतीपुस्तकं सगळ्यात शेवटी.

अंदाजपत्रकाचंही तेच. वास्तुविशारदानं दिलेला आकडा भिंती आणि छपराचा असतो. पडदे, लाइटचे बार, डिमर, ध्वनियोजना, एसी, जनरेटर, आगीची यंत्रणा हे सगळं त्याच्या बाहेर राहतं. ठेकेदाराच्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी तर आमच्यापैकी कुणी धरलाच नव्हता. पुढे गिलावा झाल्यावर मी रिकाम्या सभागृहात एक टाळी वाजवली, ती तीनदा ऐकू आली. त्या भिंतींवरच्या आवाज शोषणाऱ्या पॅनेलसाठी पुन्हा झोळी घेऊन निघालो. चालवायचा खर्चही आधीच मांडा. वीजबिल दर महिन्याला येतं, आणि राज्याच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं 'बी' प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. इमारतीला देणगी मिळते, वीजबिलाला कोणी देत नाही.

आता कागद. करसवलत मिळेल म्हणून सांगत सुटण्याआधी न्यासाकडे ८०जीची, म्हणजे देणगीदाराला प्राप्तिकरात सूट देणारी, मान्यता आहे ना, ते बघा. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. नवी करप्रणाली घेतलेल्या पगारदाराला तर मिळतच नाही, त्याला ते आमिष दाखवून उपयोग नाही. पावतीवर पॅन घेतला नाही, तर आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत देणगीदारांची यादी भरताना रात्री जागाव्या लागतात. मी जागलोय.

परदेशातल्या गाववाल्यांच्या बाबतीत तर फार जपून. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं स्वतःच्या कमाईतून दिलं तर प्रश्न नाही. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला भाचा ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्डधारक असला तरी कायद्याच्या लेखी विदेशी स्रोतच. त्याचे पैसे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाहीत, आणि ती नोंदणी साधारणपणे तीन वर्षं जुन्या, त्या काळात १५ लाख रुपये कामावर खर्च केलेल्या संस्थेलाच मिळते.

मदतीचा प्रयोग हा सगळ्यांचा आवडता उपाय. दाखला १९२१च्या 'संयुक्त मानापमान'चा देतात. बालगंधर्व आणि केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर उभे राहिले होते. तेव्हा समोर मुंबईचा प्रेक्षक होता. आमच्याकडे नाट्यगृहच नव्हतं, म्हणून शाळेच्या मैदानावर मांडव घातला. तिकीटविक्री १ लाख ९० हजार. त्यातून नाटक कंपनीची नाइट (एका प्रयोगाचे पैसे), बस, मुक्काम, जेवण, मांडव, जनरेटर वजा गेले. पहिल्या तीन रांगा सौजन्य पासवाल्यांच्या. हातात उरले २२ हजार. प्रयोग करा, पण गाव जमवण्यासाठी. निधीच्या हिशेबात तो धरू नका.

काम अडकलंच असेल तर? आम्ही जागेच्या फाटकावर काळा फळा लावला. दर महिन्याच्या एक तारखेला त्यावर खडूनं जमा, खर्च, शिल्लक लिहायचं आणि खाली पुढचं एकच काम, त्याच्या रकमेसह. 'नाट्यगृहाला मदत करा' हे वाक्य बंद केलं. स्लॅबला सिमेंटची किती पोती लागतात ते लिहिलं, तर दूधवाल्यानं दोन पोत्यांचे पैसे दिले, भजनी मंडळानं दहांचे. सुरुवातीला कार्यकारिणीतल्या दोघांना हा उघडा हिशेब अपमानास्पद वाटला होता.

एका सकाळी ते धान्याचे व्यापारी फळ्यासमोर बराच वेळ उभे होते. रंगमंचाला, प्रेक्षागृहाला, अगदी तिकीटखिडकीलाही नाव द्यायला माणसं मिळाली होती.

"खजिनदार, मेकअप खोलीमागच्या संडासांना कुणाचं नाव लागलं का?"

"नाही हो शेठ."

"मग ते माझ्याकडे. पाटी नको."

पावतीवर पॅन बरोबर पडलाय का, ते मात्र चष्मा लावून दोनदा वाचून गेले.