कृत्रिम नखांखाली संसर्ग होऊ नये म्हणून काय करावं?

कृत्रिम नखाखाली घाण साचते म्हणून संसर्ग होतो, असा समज आहे. पण घाणीपेक्षा ओल जास्त त्रास देते. खोटं नख एका कडेने सुटलं की फट पडते, तिच्यात पाणी शिरतं आणि वाळतच नाही. तिथे सुडोमोनास जिवाणू वाढला की नख हिरवट पडतं. बुरशीलाही ही जागा मानवते.

१. आधी स्वतःची नखं पाहा. चीर, लाली, नखुरडं काहीही असेल तर ते बरं होईपर्यंत थांबा. मधुमेह असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

२. पार्लरमध्ये धातूची अवजारं दर गिऱ्हाइकानंतर निर्जंतुक करतात का, हे विचारा. त्यात संकोच कसला? खरखरीत कागदी फाइल निर्जंतुक होत नाही, तेव्हा ती घरूनच न्या. जेल सुकवायच्या दिव्याने अवजारं निर्जंतुक होत नाहीत. क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी, कापू देऊ नका, जंतूंना आत येऊ न देणारी कड तीच.

३. नखं आखूड ठेवा. हात धुताना मऊ ब्रशने नखाखालून साफ करा आणि नीट कोरडे करा. भांडी घासताना हातमोजे घाला.

४. नख सुटलं की आपण चटकन गोंद लावतो. इथेच घोटाळा होतो, कारण ओल आणि जंतू आत कोंडले जातात. ते नख काढाच, पण ओढून नाही. ओढलं तर खऱ्या नखाचा थरही सोलून निघतो. जेल किंवा ॲक्रिलिक असेल तर ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून वरून फॉइल गुंडाळा, १५-२० मिनिटांत ते मऊ पडतं. ॲसिटोन पेट घेतं, शेगडीपासून लांब बसा. मग साबणाने हात धुवा, पुसा. खालचं नख निरोगी आणि पूर्ण कोरडं दिसलं, तरच नवं बसवा.

५. हिरवा किंवा काळा डाग, ठणका, सूज, पू यांपैकी काही दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जाताना सगळ्याच नखांचं पॉलिश काढा. डाग नव्या नखाखाली झाकू नका.

(रुग्णसेवेत असाल तर हा सगळा खटाटोपच नको. रुग्णांशी थेट संपर्क येणाऱ्यांनी कृत्रिम नखं लावू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच सांगितलं आहे.)

उपचारानंतरही डाग काही काळ दिसत राहील. बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटरच वाढतं, त्यामुळे तो हळूहळू पुढे सरकत जातो.