झांबेझीच्या खोऱ्यात रानरेड्याच्या शिकारीचा एक दिवस

झिम्बाब्वेच्या उत्तर सीमेवर, झांबेझी नदीच्या दक्षिणेस, माना पूल्स राष्ट्रीय उद्यान आणि चेवोरे सफारी क्षेत्र आहे. सापी क्षेत्रासह या प्रदेशाला १९८४ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. उद्यानात शिकारीला बंदी आहे. सफारी क्षेत्रात मात्र ठरवून दिलेल्या कोट्यापुरती परवानगी मिळते. केनियाप्रमाणे येथे शिकार पूर्ण बंद नाही (केनियात ती १९७७ पासून बंद आहे), पण ती परवानाधारक व्यावसायिक शिकाऱ्याच्या देखरेखीखालीच करावी लागते. पुढील माहिती केप बफेलो, म्हणजेच आफ्रिकी रानरेडा, याच्या पायी माग काढून केलेल्या शिकारीविषयी आहे.

रायफलीची तयारी आदल्या दिवशीच संपवावी. रानरेड्यासाठी ०.३७५ एच अँड एच मॅग्नम ही सर्वसाधारणपणे किमान योग्य रायफल समजली जाते. तिची ३०० ग्रेन (सुमारे १९ ग्रॅम) वजनाची गोळी सरावलेल्या हातात पुरेशी ठरते, तर धक्क्याला घाबरून चालवलेली त्याहून मोठी रायफल निरुपयोगी. बाकावर बसून नेम जमला एवढ्यावर समाधान मानू नये. प्रत्यक्षात बार तिकाटण्याच्या आधाराने, उभ्याने आणि धापा टाकत असताना काढावा लागतो, म्हणून सराव तसाच, पन्नास-साठ मीटरवरून करावा. कपडे खाकी किंवा फिकट हिरवे असावेत. निळ्या आणि काळ्या रंगाकडे त्सेत्से या रक्त शोषणाऱ्या माश्या धावतात.

निघायचे ते अंधारात. जून-जुलैमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, उघड्या गाडीत चांगलीच थंडी वाजते. रेडे बहुधा रात्री चरतात आणि पाण्यावर येऊन जातात. म्हणून उजाडताच पाणवठ्यांच्या कडेने आणि कच्च्या रस्त्यांवर ताजे ठसे शोधतात. ठसा किती जुना हे माग काढणाऱ्यांनीच सांगावे, पण आपणही पाहायला शिकावे. कडा अजून धारदार असतील, ठशात रात्रीच्या किड्यांच्या रेघा नसतील आणि शेण आतून ओलसर, कोमट असेल, तर जनावर फार दूर गेलेले नसते. मोठ्या कळपाच्या मागापेक्षा दोन-तीन जणांचे रुंद ठसे दिसले, तर ते पत्करावेत. कळप सोडून वेगळे राहणारे, चिखलात लोळून अंग माखलेले म्हातारे नर असेच फिरतात. शिकारी त्यांना ‘डग्गा बॉइज’ म्हणतात.

गाडी सोडली की बोलणे बंद. पुढे माग काढणारे, त्यांच्यामागे व्यावसायिक शिकारी आणि मग आपण, या क्रमात चालावे; नळी कधीही माणसाच्या दिशेने नसावी आणि सेफ्टी लावलेली असावी. राखेची पुरचुंडी झटकून वाऱ्याची दिशा वरचेवर तपासली जाते. दिवसाचे यशापयश मला तरी याच पुरचुंडीवर अवलंबून असल्यासारखे वाटते, कारण रेड्याचे नाक त्याच्या डोळ्यांपेक्षा फार तीक्ष्ण आहे आणि ऊन चढल्यावर वारा ठिकठिकाणी फिरू लागतो. वास गेला, तर रेडे धूळ उडवत निघून जातात. अशा वेळी लगेच पाठलाग करू नये. अर्धा-पाऊण तास बसावे, पाणी प्यावे आणि त्यांना स्थिरावू द्यावे. रेड्याच्या पाठीवर बसणाऱ्या ऑक्सपेकर पक्ष्यांचा कर्कश आवाजही लक्षात ठेवावा; तो ऐकू आला, तर जनावर जवळच आहे आणि कदाचित त्यालाही आपली चाहूल लागली आहे.

दुपारी रेडे दाट झुडपांत, मोपाने झाडांच्या सावलीत बसतात. तिथे दुर्बिणीतून शिंगांच्या लांबीपेक्षा कपाळावरचा शिंगांचा जोड आधी पाहावा. तो मधे मऊ, केसाळ किंवा फटीसह असेल, तर नर अपुऱ्या वयाचा आहे. त्याला सोडावे, मग शिंगे कितीही रुंद असोत. जोड पूर्ण कठीण झालेला, झिजलेला आणि अंगावरचे केस विरळ झालेले असा नरच निवडावा. दिवसभर चालून रिकाम्या हाताने परतावे लागले, तरी या बाबतीत तडजोड नको. मोठा होत असलेला नर मारला, तर कळपाचा पुढचा वंशच खुंटतो.

बार काढण्यापूर्वी जनावर आडवे उभे आहे आणि त्याच्या मागे दुसरे नाही, याची खात्री करावी. पुढच्या पायाच्या रेषेत, खालून शरीराच्या एक तृतीयांश उंचीवर नेम धरावा. रेड्याचे हृदय अपेक्षेपेक्षा खाली असते. पहिल्या गोळीनंतर कौतुकाने पाहत न थांबता जनावर दिसते तोवर दुसरी, तिसरी गोळी चालवावी. ते झुडपात शिरले, तर वीस-तीस मिनिटे थांबून व्यावसायिक शिकारी सांगेल तेव्हाच मागावर जावे. जखमी रेडा वळसा घेऊन स्वतःच्या मागाशेजारी दबा धरतो, असा अनुभवी लोकांचा दाखला आहे. हंबरडा ऐकू आला, तो पडलेला दिसला, तरी पाठीमागच्या बाजूने जावे आणि नळीने डोळ्याला स्पर्श करून खात्री होईपर्यंत रायफल भरलेलीच ठेवावी.

त्यानंतर खूप काम शिल्लक असते. फोटो थोडक्यात उरकावेत, कारण उष्णतेत मांस वेगाने खराब होते. सहा-सातशे किलोचे धूड सोलून, तुकडे करून सावलीत लटकवणे हे अंधार पडण्याआधी व्हायला हवे. कातडे पसरून त्याच रात्री भरपूर मीठ चोळावे, शिंगे व कवटीवर परवान्याचा क्रमांक असलेले लेबल बांधावे आणि जखमी होऊन निसटलेले जनावरही कोट्यात मोजले जाते हे ध्यानात ठेवून दिवसाची नोंद खरी लिहावी.