व्हाइट ॲश की ग्रीन ॲश? आधी फांदी बघा

मिशिगनमधल्या आमच्या घरामागे ॲशची दोन झाडं आहेत आणि दोन वर्षं मी दोघांनाही व्हाइट ॲश म्हणत होतो, कारण कुणीतरी सांगितलेलं की पान मागून पांढरट असलं की व्हाइट. आता उन्हात धरलं तर कुठलंही पान मागून फिकटच दिसतं ना!

आधी झाड ॲशच आहे ना ते बघा. फांद्या समोरासमोर फुटलेल्या हव्यात आणि एका देठावर कडुनिंबासारखी छोटी पानं, बहुतेक वेळा सात. बॉक्स एल्डर (हा मेपलचा एक प्रकार) पण असाच फसवतो, पण त्याला बहुतेक वेळा तीन नाहीतर पाच असतात.

आता खरी खूण. पान गळून गेलेली एक काडी घ्या, पान जिथे जोडलेलं होतं तिथे वण राहतो, मोबाइलवर झूम करून तो बघा. ग्रीन ॲशचा वण करंजीसारखा, वरची कड सरळ, पोट खाली, आणि डोळा (नवी पालवी फुटते ती कळी) त्या सरळ कडेवर बसलेला. व्हाइट ॲशची करंजी वरून कुणीतरी चावा घेतल्यासारखी, डोळा त्या खोबणीत बसलेला. एकाच काडीवर निकाल लावू नका, पाच-सहा तरी बघा, मधलेच वण पण निघतात.

बी मिळालं तर अजून सोपं (सगळ्या झाडांना येत नाही, फक्त मादीला). वल्ह्यासारखं असतं ते. व्हाइटचं बी गुबगुबीत आणि पंख त्याच्या टोकापासून सुरू होतो, ग्रीनचं बी बारीक आणि पंख दोन्ही बाजूंनी साधारण अर्ध्यापर्यंत खाली उतरलेला.

फॉलमध्ये व्हाइट बऱ्याचदा जांभळट होतो, ग्रीन पिवळा, पण माझा रंगावर फार भरवसा नाही. ओढ्याकाठी ओल्या जमिनीत असेल तर ग्रीनची शक्यता जास्त.

आणि एमराल्ड ॲश बोरर, 2002 मध्ये डेट्रॉइटजवळ सापडलेला तो हिरवा किडा, तो दोघांनाही सोडत नाही. खोडावर 3 मिलिमीटरची भोकं शोधा, ती पण करंजीच्याच आकाराची! सापडली आणि झाडाचा वरचा पसारा अजून बऱ्यापैकी हिरवा असेल तर खोडात एमामेक्टिन बेंझोएट या कीटकनाशकाचं इंजेक्शन देणारा माणूस लगेच बोलवा, अर्ध्याहून जास्त वाळला असेल तर सरळ झाड तोडणाऱ्याला फोन करा.