दोन जातींची पिल्लं, दोन पेट्या

"लहान आहेत तोवर एकत्र राहू देत, पुढचं पुढे बघू," असं म्हणणाऱ्यांत मीही होतो. सुल्काटा जातीच्या कासवाचं एक पिल्लू, रेडफूट जातीच्या कासवाचं एक, दोन्ही तळहातावर मावणारी. भांडण एकदाही नाही. रात्री चिकटून झोपायची, तर मला वाटायचं काय गट्टी जमलीय! गट्टी कसली, पेटीत लपायला उबदार जागाच एक होती.

बिंग वजनकाट्याने फोडलं. सहा आठवड्यांत सुल्काटा ४६ ग्रॅमवरून ७१ वर, रेडफूट मात्र ४९ वरून जेमतेम ५१. मग एका सकाळी समोर बसूनच राहिलो. पानं टाकली की सुल्काटा सरळ ढिगावर चढून बसायचं. रेडफूट कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, मान आत. चावणं नाही, ढकलणं नाही. नुसतं वाटेत बसलं तरी पुरतं.

तेव्हा पहिल्या दिवसापासून पेट्या वेगळ्या ठेवा. मधे पारदर्शक काच नको. पलीकडचं दिसलं की दिवसभर काचेवर नखं घासत बसतात.

दोघांचं हवामानही जुळत नाही. रेडफूट सावलीतलं: ओल ८० टक्क्यांच्या आसपास, दिव्याखाली ३१ अंश पुरे, खाण्यात पानांबरोबर थोडं फळ आणि मशरूम. सुल्काटाला दिव्याखाली ३५ अंश लागतात आणि खाणं गवत-पानांचं. फळांनी त्याचं पोट बिघडतं. पण वाळवंटाकडचं म्हणून त्याचं पिल्लू कोरडं ठेवू नका, पाठीवर उंचवटे येतात. पेटीत अंथरलेलं कोकोपीट (नारळाचा भुसा) मुठीत दाबून पाहा: गोळा व्हावा, पाणी गळू नये. यूव्हीबी ट्यूब (अतिनील किरणांचा दिवा) दोन्हीकडे हवी. रोज १५-२० मिनिटं हनुवटीपर्यंतच्या कोमट पाण्यात बसवायचं, पण प्रत्येकाचं पाणी वेगळं.

हे पाण्याचं मी उगाच सांगत नाही. ग्रीक कासव हर्पीसचा विषाणू अंगात बाळगूनही ठणठणीत दिसू शकतं, आणि तोच हर्मन जातीच्या कासवाचा जीव घेऊ शकतो. म्हणून नवं पिल्लू, अगदी त्याच जातीचं असलं तरी, सहा महिने दुसऱ्या खोलीत ठेवा आणि त्याची विष्ठा तपासून घ्या. एका जातीचीच ठेवायची तरी दोन नकोत. जोडीत दबणाऱ्याच्या वाट्याला सगळा जाच येतो. तीन-चार ठेवा, आणि वजनात मागे पडेल ते लगेच बाहेर काढा.

चिमटे आणि स्पंज मी रंगावरून वेगळे केलेत. नव्या पाहुण्याची पेटी सगळ्यात शेवटी साफ करायची, मग हात साबणाने.