गोबरगॅस शेगडीपर्यंत स्वच्छ कसा न्यावा

गोबरगॅस बंद का पडला, असं कुणालाही विचारा. "शेण पुरत नाही" हे उत्तर ठरलेलं. पण अशा घरची शेगडी उलटी करून बघितली तर बऱ्याचदा वेगळीच गोष्ट दिसते. पितळी कॉक काळा पडून गच्च बसलेला, बर्नरची भोकं गंजाच्या पापुद्र्यांनी बुजलेली, नळीत पाणी. म्हणजे गॅस तयार होत होता, पण चुलीपर्यंत धड येत नव्हता.

आमच्याकडे हेच झालं. थंडीत सकाळी ज्योत भक्‌भक् करायची आणि ऐन चहाच्या वेळी विझायची. आत्या म्हणायची, "आज टाकीला सर्दी झालीय." आम्ही हसायचो, पण तिचं निदान बरोबर होतं.

टाकीतून निघणाऱ्या गॅसमध्ये जळणारा मिथेन ५५ ते ६५ टक्के असतो. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तिसरी पाण्याची वाफ, आणि चौथा सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. हा चौथा शेणाच्या गॅसमध्ये जेमतेम ०.१ ते ०.३ टक्के असतो, पण सगळी नासधूस त्याचीच. पितळ आणि तांबं तो काळं करून खातो. जळला की त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो, आणि ओल मिळाली की आम्ल. घरच्या वापरासाठी काढायच्या गोष्टी दोनच: पाणी आणि हा वास.

आधी शेणकाला

रोज दोन घनमीटर गॅस देणाऱ्या प्लांटला दिवसाला ५० किलोच्या आसपास ताजं शेण लागतं, म्हणजे चार-पाच मोठी जनावरं. शेणाएवढंच पाणी घालून गुठळ्या मोडेपर्यंत कालवा. खडे आणि वाळू कालवायच्या कुंडीतच खाली बसू द्या. गोठा फिनेलने धुतला असेल तर ते पाणी टाकीत जाऊ देऊ नका, आतले जंतू मरतात. कोंबडीखत घातलं तर गॅस वाढतो खरा, पण वासही वाढतो. नव्या टाकीचा पहिला गॅस पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो उघड्यावर सोडून द्या, आणि त्या वेळी जवळ विडीसुद्धा नको.

पाण्याचा बंदोबस्त

३५ अंशांवरच्या ओल्या गॅसमध्ये घनमीटरमागे सुमारे ४० ग्रॅम वाफ मावते. नळीत तो २० अंशांपर्यंत निवला की १७ ग्रॅमच उरते, बाकीचं पाणी होऊन नळीत. दोन घनमीटरला हे रोजचं ४५ मिलीलिटर, म्हणजे अर्धा कप चहाएवढं. ऐकायला काहीच नाही. पण अर्ध्या इंची नळीची वीतभर लांबी तेवढ्याने तुडुंब भरते, आणि तरंगत्या टाकीचा, म्हणजे जिचं गॅस धरणारं झाकण शेणकाल्यावर तरंगतं तिचा, दाब जेमतेम दहा सेंटिमीटर उंच पाणी तोलण्याइतका असतो. तो हे पाणी ढकलू शकत नाही.

म्हणून नळीला उतार द्या, दहा मीटरला निदान दहा सेंटिमीटर, आणि मध्ये कुठेही झोळ पडू देऊ नका. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबणारी प्लॅस्टिकची नळी मी जितक्या घरी बघितली, तितक्या घरी ज्योत नाचत होती. सगळ्यात खोल जागी टी (इंग्रजी T च्या आकाराचा सांधा) बसवून खाली हातभर नळीचा तुकडा आणि त्याला कॉक लावा. आठवड्यातून एकदा, थंडीत दोनदा, तो उघडून पाणी काढा. तरंगत्या टाकीला काही जण कॉकऐवजी पाणी भरलेली यू आकाराची नळी लावतात, पाणी आपोआप सांडतं. दीनबंधूसारख्या पक्क्या घुमटाच्या प्लांटला हे चालत नाही. तिथे दाब मीटरभर पाण्याच्या जवळ जाऊ शकतो, तो यू नळीतलं पाणी उडवून लावेल आणि मागून गॅस मोकळा. तिथे कॉकच हवा.

वासाची गाळणी

इथे खरं काम आहे, पण खर्च किरकोळ. तत्त्व सोपं: गंजाला हायड्रोजन सल्फाइड चिकटतो. लोखंडाचा ऑक्साइड त्याच्याशी मिळून काळा लोह सल्फाइड होतो.

लेथ मशीनच्या वर्कशॉपमधून लोखंडी कीस आणा, कुरळा, लांब वेटोळ्यांचा. भुकटी नको, ती गच्च बसते आणि गॅस अडतो. भांडी घासायची स्टीलची घासणीही नको, ती गंजतच नाही म्हणून तर आपण ती विकत घेतो. किसाला कटिंग ऑइल, म्हणजे लोखंड कातताना वापरलेलं तेल, असतं. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून ते पूर्ण काढा, नाहीतर गंज धरत नाही. मग मिठाचं पाणी शिंपडून तीन-चार दिवस उघड्यावर उलटसुलट करत ठेवा. विटकरी झाला की साध्या पाण्याने धुवा आणि शेवटी चिमूटभर सोड्याच्या पाण्याचा हात फिरवा. किंचित अल्कली असलेला ओलसर गंज चांगलं काम करतो. ओलसर म्हणजे पिळून काढलेल्या फडक्याइतका.

चार इंची पीव्हीसी पाइपचा मीटरभर तुकडा उभा करा. दोन्ही तोंडांना फिरवून बसणारी, आटे असलेली टोपणं, तळाला जाळी, जाळीखाली पाणी काढायचा कॉक. या क्रियेतही पाणी सुटतं, त्यामुळे तळाचा कॉक विसरू नका. कीस सैल भरा. गॅस खालून आत, वरून बाहेर. दोन्ही बाजूंना एकेक कॉक आणि शेजारून एक वळणनळी, म्हणजे गाळणी उघडली तरी स्वयंपाक थांबत नाही. गाळणी प्लांटजवळ सावलीत आणि पाणी काढायचा टी तिच्या पुढे, चुलीकडे. सांध्यांवर साबणाचा फेस लावा, बुडबुडा आला की गळती. काडी ओढून बघणारे शूर लोक अजून भेटतात. त्यांचं अनुकरण नको.

गाळणी किती दिवस टिकेल? ०.२ टक्के वायू धरला तर दोन घनमीटरमागे रोज पाच-सहा ग्रॅम हायड्रोजन सल्फाइड येतो. दोनशे ग्रॅम गंज हिशोबाने सव्वाशे ग्रॅम वायू धरतो, म्हणजे वीस-बावीस दिवस. प्रत्यक्षात गंज किती चढलाय त्यावर आहे, म्हणून कॅलेंडरपेक्षा तार बघा. गाळणीच्या पुढच्या टीमध्ये सँडपेपरने चकचकीत केलेला तांब्याच्या तारेचा तुकडा ठेवायचा. तार काळवंडली की कीस थकला. नाकावर विसंबू नका. हा वायू जास्त झाला की आधी वासच येईनासा होतो, आणि तेव्हाच तो जिवावर उठतो. याच कारणाने रिकाम्या टाकीत कुणी, कितीही घाई असली तरी, उतरायचं नाही.

थकलेला कीस काढताना एक धोका आहे. काळा लोह सल्फाइड हवेत आला की पुन्हा गंज होतो आणि गंधक सुटतो, पण त्यात उष्णता निघते, ढिगात तर पेटण्याइतकी. म्हणून दोन्ही कॉक बंद करून, पाणी शिंपडून कीस बाहेर काढा आणि मोकळ्या जमिनीवर पातळ पसरा. गंजी, गोवऱ्या, सरपण यांपासून लांब. पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवायचा नाही. अधूनमधून ओला करत हलवत राहा, काळ्याचा विटकरी झाला की पुन्हा भरा. असं दोन-तीनदा जमतं, मग गंधकाचा थर चढून कीस निकामी होतो. परत भरल्यावर गाळणीत हवा असते, ती बाहेरच सोडून मगच शेगडी पेटवा.

आणि हे सगळं गोठ्यापासून लांब करा. किसाचा एक तुकडा वैरणीतून गाईच्या पोटात गेला तर तो जाळीदार पोट टोचून थेट हृदयापर्यंत पोचू शकतो. मी जुन्या स्पीकरचा चुंबक दोरीला बांधून जागेवरून ओढतो. पहिल्यांदा ओढला तेव्हा त्याला मूठभर दाढी फुटली होती.

कार्बन डायऑक्साइडचं काय?

शेगडीसाठी काही नाही. चुन्याच्या निवळीतून गॅस सोडा, असा सल्ला मिळतो. हिशोब करा: दोन घनमीटर गॅसमधला सव्वा किलो कार्बन डायऑक्साइड धरायला रोज दोन किलो विरलेला चुना लागेल. गाडीच्या इंधनासाठी मोठे प्रकल्प तो दाबाखाली पाण्याने धुऊन काढतात आणि मिथेन ९० टक्क्यांवर नेतात. ते सिलिंडरमध्ये भरायचं काम घरचं नाही. मिथेन नेहमीच्या तापमानाला कितीही दाबला तरी एलपीजीसारखा द्रव होत नाही. तो दोनशे बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या दोनशे पटीच्या, आसपास भरावा लागतो. स्वयंपाकाचं जुनं सिलिंडर त्यासाठी बनलेलंच नाही.

शेवटी शेगडी. एलपीजीची शेगडी तशीच जोडाल तर ज्योत मिणमिणेल. गोबरगॅसला हवा कमी लागते आणि जेटचं, म्हणजे गॅस सुटतो त्या तोटीचं, भोक मोठं. त्याची वेगळी शेगडी मिळते, तीच घ्या. गाळणी लावल्यावर शेगडीची हवा कमी-जास्त करायची पट्टी नव्याने फिरवावी लागते. ज्योत पिवळी असेल तर थोडी उघडा, बर्नरवरून उडत असेल तर मिटा. भांड्याचा बूड काळा होईनासा झाला की पट्टी तिथेच राहू द्या.