मार्चिंग बँडसाठी वाद्य आणि गणवेश निवडताना

अमेरिकेतल्या कॉलेजच्या मार्चिंग बँडमध्ये, म्हणजे मैदानावर चालत वाजवणाऱ्या वाद्यवृंदात, फ्रेंच हॉर्न घेऊन उतरू नका. त्याचं तोंड मागे वळलेलं, सूर प्रेक्षकांपर्यंत नीट पोचत नाही. मेलोफोन घ्या: तोही एफ पट्टीतला, पण समोर वाजतो, आणि बोटं ट्रम्पेटसारखीच. ओहायो स्टेट विद्यापीठाचा बँड तर फक्त ब्रास (पितळी फुंकवाद्यं) आणि तालवाद्यांचा!

सूझाफोन, म्हणजे अंगाभोवती घालून खांद्यावर पेलायचा मोठा ट्यूबा, फायबरग्लासचा हलका पडतो. मला मात्र पितळेचाच भरदार आवाज हवा. खांद्यावर जाड पॅड लावा.

गणवेशाचं माप बूट घालूनच द्या, आणि गुडघा उंच उचलून पाहा. आत सुती टी-शर्ट, पायांत लांब काळे मोजे. चालताना पोटरी दिसता कामा नये. टोपीवरचा तुरा मैदानात जाण्याआधी, अगदी शेवटी लावा.